न संपणाऱ्या कथेचा आनंद

गोष्ट ऐकणाऱ्या मुलाच्या तोंडीं शेवटीं एकच प्रश्न असतो : "पुढें काय झालें ?" सांगणारा म्हणतो, "पुढें सारे सुखानें नांदले," आणि निजण्याची वेळ झाल्याचें सुचवितो. परंतु मुलाचें समाधान होत नाहीं. राक्षस मेला हें खरें. पण त्याला भाऊ नव्हता काय? राजपुत्र घरीं परतला. पण त्याला वाट दाखविणाऱ्या म्हातारीचें काय झालें? मोठीं माणसें या प्रश्नांना कंटाळून दिवा मालवितात. तथापि जगांत एक कथाप्रकार असा आहे कीं, ज्यांत दिवा मालविलाच जात नाहीं. मुलाच्या प्रश्नाला पुढच्या अंकांत, पुढच्या वर्षीं, किंवा वीस वर्षांनीं कां होईना, उत्तर मिळण्याची आशा असते. अतिमानुष वीरांच्या चित्रकथा, ज्यांना आज सर्वत्र 'कॉमिक्स' म्हणतात, हा तो प्रकार होय.

या प्रकाराचा जन्म अमेरिकेंत झाला. इ. स. १९३८ मध्यें जेरी सीगल व जो शूस्टर या दोन तरुणांनीं निर्माण केलेला 'सुपरमॅन' 'ॲक्शन कॉमिक्स' या मासिकाच्या पहिल्या अंकांत अवतरला. पुढच्याच वर्षीं 'बॅटमॅन' आला. त्याच 'ॲक्शन कॉमिक्स'चा हजारावा अंक इ. स. २०१८ मध्यें प्रसिद्ध झाला. मधल्या ऐंशी वर्षांत लेखक बदलले, चित्रकार बदलले, मूळ निर्माते कालवश झाले. वाचणारा मुलगा आजोबा झाला. परंतु वीर तोच राहिला आणि त्याची गोष्टहि चालूच राहिली. एवढ्या दीर्घ कथेला एकत्र बांधून ठेवणारा जो धागा, त्यास कथासातत्य म्हणतां येईल. मागें जें छापलें गेलें तें घडलें असें धरून पुढचें लिहावयाचें, असा हा लेखक आणि वाचक यांच्यामधील अलिखित करार आहे.

एकच नायक अनेक पुस्तकांत आला म्हणजे कथासातत्य आलें असें मात्र नव्हे. भा. रा. भागवतांचा फुरसुंगीचा बनेश फेणे ऊर्फ फास्टर फेणे मराठी मुलांचा लाडका आहे. तो पुस्तकामागून पुस्तकांत साहसें करतो. पण तो शाळकरीच राहतो, आणि त्याचें कोणतेंहि पुस्तक आधीं वाचलें तरी बिघडत नाहीं. ही माळेंतील मण्यांची रचना झाली. प्रत्येक मणी स्वतंत्र व पूर्ण. कथासातत्याची रचना याहून निराळी, ती विटांच्या भिंतीसारखी आहे. वरची वीट खालच्या विटेवर उभी असते, आणि खालची काढली तर वरची डळमळते.

ही भिंत कशी रचतात हें पाहण्यासारखें आहे. इ. स. १९६१ पासून 'मार्व्हल' या संस्थेनें आपले बहुतेक वीर एकाच न्यूयॉर्क शहरांत वसविले. त्यामुळें एकाच्या अंकांत दुसरा सहज डोकावून जाऊं लागला. एखाद्या पात्रानें जुन्या प्रसंगाचा उल्लेख केला, कीं चित्राच्या कोपऱ्यांत संपादक लहानशी चौकट घालून तो प्रसंग कोणत्या अंकांत आला होता तें सांगत. वाचक तो अंक शोधावयास निघे. इ. स. १९७३ मध्यें 'स्पायडरमॅन'ची प्रेयसी ग्वेन स्टेसी मृत्यु पावली. वीर वेळेवर पोंचला, त्यानें आपलें जाळें फेकून तिला झेललें, तरीहि ती वांचली नाहीं. दुसऱ्या एखाद्या मालिकेंत हा प्रसंग पुढच्या महिन्यांत विसरला गेला असता. येथें तो विसरला गेला नाहीं. त्या वीराचा पुढचा प्रत्येक निर्णय त्या अपयशाच्या छायेंत होऊं लागला. मागचें लक्षांत ठेवणाऱ्या वाचकाला एका साध्या चित्रांतहि जें दिसतें, तें नवख्याला दिसत नाहीं. चित्र दोघांपुढें एकच असतें. एकाजवळ स्मृति अधिक असते.

मराठी वाचकाला ही रीत परकी वाटण्याचें कारण नाहीं. आणि नाशिककराला तर मुळींच नाहीं. नाशिक जिल्ह्याचा नकाशा उघडला तर एकच महाकथा गांवागांवांत वांटून ठेवलेली दिसते. त्र्यंबकेश्वरीं गौतम ऋषींनीं गोदावरी आणली. त्याच वाटेवरच्या अंजनेरीच्या डोंगरावर हनुमंताचा जन्म झाला असें सांगतात. पंचवटींत सीतागुंफा आहे. तपोवनांत लक्ष्मणानें शूर्पणखेचें नाक कापलें आणि त्यावरूनच शहराला नासिक हें नांव पडलें अशी लोकश्रद्धा आहे. इगतपुरी तालुक्यांतील टाकेद येथें जखमी जटायु रामाची वाट पाहत पडला होता. पंचवटींतील मूल ही कथा आरंभापासून क्रमानें कधींच ऐकत नाहीं. एक प्रसंग आजीकडून, एक कीर्तनांत, एक रामनवमीच्या उत्सवांत, एक नदीकांठच्या दगडावरून, असें तें जमेल तसें गोळा करतें. आणि एके दिवशीं त्या साऱ्या तुकड्यांची मिळून एक अखंड कथा आपल्या मनांत तयार आहे असें त्याला आढळतें. अतिमानुष वीरांच्या चित्रकथांचा वाचकहि नेमकें हेंच करतो.

अर्थात् जेथें कथा मोठी तेथें पाठभेदहि आलेच. हनुमंताचें जन्मस्थान म्हणून अंजनेरीप्रमाणें कर्नाटकांतील हंपीजवळचा अंजनाद्रि पर्वतहि दाखविला जातो. जटायूची जागा म्हणून आंध्रांतील लेपाक्षीचें नांव घेतलें जातें. इ. स. २०२२ मध्यें हनुमंताच्या जन्मस्थानाविषयीं नाशिकांत धर्मसभा भरली. तींत वाद हातघाईवर आला आणि निर्णय झाला नाहीं. ज्यांना हें हास्यास्पद वाटेल त्यांनीं इतकेंच ध्यानांत घ्यावें कीं, ज्या कथेविषयीं कोणी भांडत नाहीं ती कथा लोकांच्या मनांतून उतरलेली असते.

मागील कथा ठाऊक असणारा प्रेक्षक हा केवढा आधार असतो, हें नाशिकांतच एका मोठ्या कलावंतानें दाखवून दिलें. धुंडिराज गोविंद फाळके यांचा जन्म त्र्यंबकेश्वरचा. इ. स. १९१३ मध्यें 'राजा हरिश्चंद्र' हा पहिला चित्रपट मुंबईस पुरा केल्यावर त्यांनीं आपला कारखाना नाशिकास हलविला. 'लंकादहन' इ. स. १९१७ मध्यें, 'श्रीकृष्णजन्म' १९१८ मध्यें आणि 'कालियामर्दन' १९१९ मध्यें पडद्यावर आले. हे सारे मूकपट होते. चित्रामागून चित्र येई आणि मधून मधून कांहीं अक्षरें; चित्रकथेचीच ही रीत. इतक्या अल्प साधनांनीं लंका, अशोकवन आणि समुद्र उभे करणें शक्य झालें, तें प्रेक्षकांच्या घरांत ती कथा शतकानुशतकें सांगितली गेली होती म्हणून. मारुति पडद्यावर आला कीं तो कोण, कोणाचा दूत आणि कशासाठीं आला, हें सांगावें लागत नसे. राम दिसतांच प्रेक्षक हात जोडीत, असें वर्णन त्या काळच्या आठवणींत येतें. फाळक्यांनीं अर्धी कथा पडद्यावर दाखविली. उरलेली प्रेक्षकांनीं बरोबर आणली होती.

या पूर्वपीठिकेवर आधुनिक चित्रकथा मराठींत आली. मुंबईच्या 'टाइम्स ऑफ इंडिया'च्या प्रकाशकांनीं मार्च १९६४ मध्यें 'इंद्रजाल कॉमिक्स' ही माला सुरू केली. ती इंग्रजीबरोबर हिंदी, मराठी आदि देशी भाषांतूनहि निघत असे. आरंभीं मासिक असलेली ही माला पुढें पाक्षिक व नंतर साप्ताहिक झाली. तिच्या पहिल्या बत्तीस अंकांचा नायक एकच होता : लढवय्या मुखवटाधारी वीर 'फँटम'. मराठी मुलांनीं त्याला ओळखलें तें मात्र 'वेताळ' या नांवानें.

हें नामकरण मोठें मार्मिक होतें. वेताळ मराठी माणसाला वेताळपंचविशीपासून ठाऊक आहे. कोंकणांत आणि गोव्यांत तो भुतांचा अधिपति व गांवाचा राखणदार म्हणून पुजला जातो. अमेरिकेंतील ली फॉक या लेखकानें इ. स. १९३६ मध्यें निर्मिलेला हा वीरहि अरण्याचा राखणदार, आणि लोक त्याला भूतच समजत. परदेशचें पात्र मराठींत आलें आणि येतांच त्याला एक जुना पूर्वज मिळाला.

वेताळाच्या कथेंत तर कथासातत्य हाच कथेचा विषय आहे. इ. स. १५३६ मध्यें समुद्रावरील चांच्यांनीं एक गलबत लुटलें. त्यांतून वांचलेल्या एका तरुणानें आपल्या पित्याच्या मारेकऱ्याच्या कवटीवर हात ठेवून शपथ घेतली कीं, मी व माझे वंशज अन्यायाशीं झगडूं. तेव्हांपासून पित्यामागून पुत्र तोच मुखवटा, तीच अंगठी आणि तेंच नांव धारण करीत आला. आजचा वेताळ हा एकविसावा. जगाला वाटतें कीं हा एकच अमर पुरुष आहे. वाचकाला मात्र गुपित ठाऊक असतें कीं माणसें मरतात, व्रत मरत नाहीं. कवटीच्या आकाराच्या त्या गुहेंत प्रत्येक वेताळानें आपल्या हातानें लिहिलेल्या बखरी ओळीनें ठेवलेल्या आहेत. एकविसावा वेताळ अडचणींत सांपडला कीं तेथें जाऊन पूर्वजांचीं पानें चाळतो, आणि त्या निमित्तानें वाचकाला तीन-चारशें वर्षांपूर्वीची एखादी हकीकत मिळते. जुने अंक जपून ठेवणारा आणि नवा अंक आला कीं जुना काढून ताडून पाहणारा मुलगा आपल्या घरांत त्या गुहेचीच लहानशी प्रतिकृति उभारीत असतो.

अशा वाचनांतील आनंद तीन प्रकारचा आहे. पहिला आनंद ओळखीचा. ओळखीचें पात्र अवचित भेटलें कीं परगांवीं शेजारी भेटल्यासारखें होतें. दुसरा आनंद बदलाचा. वर्षानुवर्षें डायना पामर ही वेताळाची वाग्दत्त वधूच होती; वाचक मोठे झाले, त्यांचीं लग्नें झालीं, तरी हिचें लग्न होईना. शेवटीं इ. स. १९७७ मध्यें तें झालें, आणि पुढें त्यांना जुळीं मुलें झालीं. एका साध्या विवाहप्रसंगाला जें मोल आलें तें त्यामागें चाळीस वर्षांची प्रतीक्षा होती म्हणून. एखाद्या एकट्या पुस्तकाला असें मोल निर्माण करतां येत नाहीं. त्याला काळच लागतो.

तिसरा आनंद विसंगतीचा; आणि तो नवख्यास सर्वांत अनाकलनीय वाटतो. दीर्घ कथेंत चुका होतात. वेताळाचें अरण्य आरंभींच्या कथांत आशियाच्या बाजूस होतें, पुढें तें आफ्रिकेंत गेलें. मूळ कथेंतील 'बंगाला' हा देश 'इंद्रजाल'मध्यें 'डेंकाली' झाला आणि 'सिंग' हे चांचे 'सिंगा' झाले. आपल्याकडील प्रांताच्या व आडनांवाच्या साम्यानें कोणाचें मन दुखावूं नये हा हेतु त्यांत उघड दिसतो. शिवाय 'इंद्रजाल'च्या अंकांचा क्रम मूळ कथांच्या क्रमाशीं जुळत नसे. मग वाचक पंडित होई. अमुक घटना आधीं कीं तमुक, याचा निवाडा शाळेच्या मधल्या सुटींत चाले. दोन विधानें जुळत नाहींत असें दिसल्यावर एक टाकून न देतां, दोन्ही खरीं ठरतील असा तिसरा विचार शोधून काढणें, ही बुद्धीची उत्तम कसरत आहे. आणि आपल्या टीकाकारांनीं व पुराणिकांनीं ती पिढ्यान् पिढ्या केलेली आहे.

प्रकाशकांनाहि ही कसरत करावी लागते. 'फ्लॅश' नांवाचे दोन वीर अमेरिकेंत झाले. एक १९४० मधला, दुसरा १९५६ मधला. इ. स. १९६१ मध्यें एका कथेंत ते दोघे एकमेकांस भेटले, आणि दोघांच्या दोन निरनिराळ्या पृथ्वी आहेत असा उलगडा करण्यांत आला. युक्ति वाचकांना आवडली. पुढें पृथ्वींची संख्या इतकी वाढली कीं हिशेब ठेवणें जड जाऊं लागलें. तेव्हां इ. स. १९८५-८६ मध्यें बारा अंकांची एक प्रचंड कथा रचून त्या साऱ्या पृथ्वी मोडण्यांत आल्या आणि एकच ठेवली. तिच्याबरोबर कित्येक जुन्या गोष्टी घडल्याच नाहींत असें ठरलें. परंतु ज्यांनीं त्या वाचल्या होत्या त्यांच्या मनांतून त्या कशा जाणार ? पुढें कांहीं वर्षांनीं अनेक पृथ्वी पुन्हां परत आल्या.

याच्या उलट मार्ग पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिरानें दाखविला. महाभारताच्या चिकित्सित आवृत्तीचें काम तेथें इ. स. १९१९ मध्यें हातीं घेण्यांत आलें व १९६६ मध्यें तें पूर्ण झालें. बाराशेंहून अधिक हस्तलिखितें पाहण्यांत आलीं. विष्णु सीताराम सुकथनकरांसारख्या पंडितांनीं मूळाशीं अधिकांत अधिक जवळचा पाठ निश्चित केला. परंतु जो मजकूर मागाहूनचा ठरला तो त्यांनीं फेकून दिला नाहीं. तो तळटीपांत व परिशिष्टांत जपून ठेवला. कथेची शिस्त आणि कथेची स्मृति या दोन्ही राखण्याचा हा मार्ग आहे. चित्रकथांच्या संपादकांनाहि त्यापासून घेण्यासारखें पुष्कळ आहे.

या प्रकाराचे दोष झांकण्याचें कारण नाहीं. पहिला दोष असा कीं, मागील कथेचें ओझें वाढलें म्हणजे नवा वाचक उंबऱ्यावरूनच परततो. जणु कोणी लग्नघरांत शिरावा आणि तेथें सारे एकमेकांचे नातेवाईक निघावे. दुसरा दोष असा कीं, जी कथा संपवावयाची नाहीं तींत मरणाला गांभीर्य राहत नाहीं. मेलेला वीर वर्षा-दोन वर्षांत परततो हें वाचक ओळखून असतो आणि त्याच्या डोळ्यांत पाणी येत नाहीं. तिसरा दोष व्यापाराचा. एका कथेचे तुकडे दहा मासिकांत वांटले कीं दहाहि विकत घ्यावीं लागतात. तेथें कथासातत्य हें वाचकाच्या आनंदाचें साधन न राहतां त्याच्या खिशाला लावलेला गळ होतें.

यावर उपाय वाचकाच्याच हातीं आहे. सारें वाचलेंच पाहिजे ही कल्पना प्रथम सोडावी. पंचवटींतील मूल जसें मिळेल त्या प्रसंगापासून आरंभ करतें, तसा आरंभ करावा. एखाद्या लेखकानें एका वीराच्या कथा सलग लिहिल्या असतील तेवढ्या घ्याव्या. कांहीं संदर्भ कळले नाहींत तर ते तसेच राहूं द्यावे. न कळलेली गोष्ट मनांत राहते आणि पुढें कधीं तरी तिचा उलगडा होतो, तेव्हां तो उलगडा स्वतः केल्याचें समाधान मिळतें. मुलें वाचीत असतील तर त्यांना एका वहींत पात्रांची वंशावळ आणि घटनांचा क्रम लिहून ठेवण्यास सांगावें. इतिहासाच्या अभ्यासाला लागणारी सवय, म्हणजे कोणी सांगितलें, केव्हां सांगितलें, आणि आधींच्या सांगण्याशीं तें जुळतें कां हें विचारण्याची सवय, त्यांना खेळतां खेळतां लागेल.

एक गोष्ट मात्र आज निकडीची आहे. 'इंद्रजाल'मध्यें इ. स. १९७६ मध्यें आबिद सुरती यांनीं निर्मिलेला 'बहादूर' आला. डाकूचा मुलगा असून दरोडेखोरांविरुद्ध नागरिकांचें रक्षकदल उभारणारा हा वीर येथल्याच मातींतला होता. त्याच्याहि कथा वाढूं लागल्या होत्या. परंतु इ. स. १९९० मध्यें आठशेंच्या वर अंक निघाल्यावर ती माला बंद पडली. ली फॉक १९९९ मध्यें मृत्यूपर्यंत वेताळाच्या कथा लिहीत राहिले. 'इंद्रजाल'चे मराठी अंक मात्र त्याच्या नऊ वर्षें आधींच थांबले होते. ते अंक पातळ कागदावर छापलेले, तारेनें टांचलेले. वाचून झाल्यावर ते रद्दींत जात. जे उरले ते कांहीं माळ्यांवर आणि जुन्या पुस्तकांच्या दुकानांत उरले आहेत, आणि ज्यांच्या तोंडीं त्या कथांचा क्रम आहे ती पिढी आतां उतारवयाकडे झुकली आहे.

पोथी हरवली तर ती पाठ असणाऱ्याकडून पुन्हां लिहून घेतां येते. पाठ असणारेहि गेल्यावर कोणी काय करावें? नाशिकचें सार्वजनिक वाचनालय इ. स. १८४० मधलें, महाराष्ट्रांतील अत्यंत जुन्या ग्रंथालयांपैकीं एक. अशीं वाचनालयें गांवोगांवीं आहेत. ज्यांच्या घरीं हे अंक असतील त्यांनीं ते रद्दींत न घालतां आपल्या जवळच्या वाचनालयाकडे चौकशी करावी. वाचनालयांनीं ते मुलांचा पसारा न समजतां क्रमवार लावून बांधून घ्यावे. आणि ज्यांना पुढचें-मागचें आठवतें त्यांनीं तें नातवंडांना सांगावें. सांगतांना कांहीं चुकेल, कांहीं दोन अंकांतलें एकांत मिसळेल. त्याची खंत करूं नये. नातवंड तें पकडील, वाद घालील आणि जुना अंक शोधावयास माळ्यावर चढेल.